रांगेत गाडी बंद करत नाहीत

आयुष्यभर मी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. या शहरात कुणी नीट वळण घेताना दिसलं तर तो माझा विद्यार्थी समजावा, आणि कुणी वेडंवाकडं घेताना दिसलं तर तो दुसऱ्या क्लासचा. माझे नियम थोडेच होते, पण पक्के. आरशात बघितल्याशिवाय काही करायचं नाही. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. आणि रांगेत गाडी बंद करायची नाही. बंद केली की नेमकी पुढची सरकते, तुमची सुरू होत नाही, आणि मागचा हॉर्नवर हात ठेवून तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. हा तिसरा नियम एक दिवस माझ्याच घरात भांडण लावेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आमच्या हिचे गुडघे गेले त्याला बराच काळ झाला. घरात ती वॉकर घेऊन फिरते, बाहेर फारशी पडत नाही. आधार द्यायला चार अनोळखी माणसं धावून आलेली तिला खपत नाहीत. पण दुपारची कॉफी मात्र तिला बाहेरचीच लागते. उन्हं कलायला लागली की केस सारखे करून ती दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसते आणि म्हणते, "अहो, काढा गाडी." मग मी तिला पुढच्या सीटवर बसवतो, वॉकर घडी करून मागे टाकतो आणि आम्ही कॉफीच्या दुकानाच्या ड्राइव्ह-थ्रूत, म्हणजे गाडीत बसूनच खिडकीतून कप घ्यायच्या रांगेत, जाऊन उभे राहतो.

अशी दुकानं शहरात आणखीही होती. एक तर आमच्या घरापासून अगदी जवळ. पण हिला हेच हवं. कॉफी कशी होती म्हणाल, तर गरम असायची. खरं कारण कॉफी नव्हतंच. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, त्यातला प्रकार. गाड्यांची रांग जिथून जायची ती बोळासारखी वाट होती. एका बाजूला दुकानाची भिंत, दुसऱ्या बाजूला राहत्या घरांची जुनी इमारत. आणि त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, बरोबर रांगेच्या डोक्यावर, हिच्या धाकट्या बहिणीची खिडकी होती.

धाकटी शिवणकाम करते. दवाखान्यातले पांढरे कोट, डॉक्टरांचे, नर्सचे, ढिगाने येतात तिच्याकडे. उजेडासाठी मशीन खिडकीशी लावलेलं. इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना असा उभा की हिने त्याच्यापुढे केव्हाच हात टेकले. तेव्हा ताई वर जाऊ शकत नाही म्हणून धाकटी खाली यायची. आमची गाडी दिसली की जिना उतरून यायची, मागच्या सीटवर वॉकरला ढकलून बसायची. हातात सुया खोचायची छोटी उशी आणि दोऱ्याची रिळं.

या सुयांचं सांगायला हवं. एकीचे गुडघे गेले आणि दुसरीचे डोळे. धाकटीला जवळचं दिसत नाही. मशीनच्या सुईत दोरा घालायचं काहीतरी यंत्र तिने बसवून घेतलंय, पण बटणं आणि तुरपाई हातानेच करावी लागते, आणि त्या बारीक सुया तिला काही केल्या ओवता येत नाहीत. आमची ही लहानपणापासून तिच्या सुया ओवत आलीय. हिचे डोळे अजूनही असे तीक्ष्ण की माझ्या ताटातली दुसऱ्यांदा घेतलेली साखर तिला स्वयंपाकघरातून दिसते. रांग पुढे सरकेपर्यंत ती एकेक सुई ओवायची, गाठ मारायची, उशीत खोचायची, आणि तेवढ्यात दोघींचं इतकं बोलून व्हायचं की पुढे बसलेला मी म्हणजे निव्वळ भाड्याचा ड्रायव्हर. कॉफी हातात येईपर्यंत सगळ्या सुया तयार असायच्या. धाकटी एक कप घेऊन वर जायची. ही घरी येऊन रात्रीपर्यंत खुशीत असायची.

मग दुकान चालायला लागलं आणि रांग वाढली. वाट बोळासारखी असल्याने गाड्यांचा धूर तिथेच कोंडायचा. धाकटी गाडीत बसली की खोकायची.

"भाऊजी, थोडा वेळ बंद ठेवा ना गाडी. डोकं धरतं माझं."

"अगं, रांगेत गाडी बंद करत नाहीत."

"पण रांग हलत कुठेय?"

"कधीही हलेल. आणि तुझ्या ताईला एसीचा गारवा लागतो."

ती हसली आणि तिने नाकाला रुमाल लावला. मग तिचं येणं कमी झालं. फोन केला तर म्हणायची, "काम फार आहे गं, ताई." पुढे पुढे तर येईनाच. वरची काचही बंद असायची.

आमची गाडी खिडकीखाली आली की ही मान वर करून बघायची. एक दिवस म्हणाली, "बघितलंत? आपली गाडी दिसली आणि लावून घेतली काच."

काच आम्ही पोचायच्या आधीपासूनच बंद होती. मी ते पाहिलं होतं. पण अशा वेळी बायकोला दुरुस्त करायला जाणं म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणं. मी गाडी एक हात पुढे घेतली.

"काय केलं मी तिचं?" ती म्हणाली. तिने कॉफी हातात घेतली आणि घरी येईपर्यंत प्यायली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी दुकानासमोरच्या खांबावर एक नोटीस लागली. मी काच खाली केली आणि मोठ्याने वाचायला लागलो. उभ्या राहून चालू असणाऱ्या गाड्यांच्या धुराबद्दल तक्रारी आल्या आहेत. राहत्या घरांलगतच्या ड्राइव्ह-थ्रू बंद कराव्यात काय, याचा शहर विचार करत आहे. अमुक दिवशी सभागृहात सुनावणी आहे, ज्यांना बोलायचं असेल त्यांनी यावं. खाली तक्रारदारांतर्फे सही होती. ती सही पाहिली आणि मी वाचणं थांबवलं. पण त्याचा उपयोग नव्हता. हिचे डोळे चांगले आहेत हे मी विसरलो होतो.

"धाकटी," ती म्हणाली.

"इमारतीतल्या सगळ्यांच्या वतीने केलीय सही. एकटीची नाही."

"दिवसातून एकदा घराबाहेर पडते मी. एकदा. तेवढंही खुपलं तिला?" तिचा आवाज चढला नाही, त्यानेच मला जास्त वाईट वाटलं. "वर जाता येत नाही. ती खाली येत नाही. निदान खिडकी तरी दिसते. आता तीही नको."

मागच्याने हॉर्न दिला. रांग सरकली होती.

"आपण जायचं त्या सभेला," ही म्हणाली. "आणि मी बोलणार विरोधात."

बहिणींचे फोन थांबले. घरात त्या विषयावर शब्द नाही. ही रोज गाडीत बसायची, पण आता मान वर करत नव्हती. समोरच्या गाडीच्या मागच्या काचेकडे बघत बसायची. आणि मी, ज्याला या सगळ्यात कुणी काही विचारलं नव्हतं, मी माझं भाषण तयार करत होतो. दाढी करताना आरशाला म्हणून दाखवायचो. आरशाला पटत होतं.

सभागृह तळमजल्यावर होतं आणि दाराशी पायऱ्यांऐवजी उतार होता, म्हणून हिने लगेच शहराला एक गुण दिला. आत गर्दी बऱ्यापैकी. निम्मे चेहरे माझ्या ओळखीचे, विद्यार्थीच. दुकानाच्या खिडकीत बसून कप देणारी बाईही आली होती. कानावरच्या त्या माइकशिवाय मला ती ओळखूच आली नाही. आम्हाला बघून तिने हात केला. धाकटी पहिल्या रांगेत होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तिने मागे वळून बघितलं. हिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

एकेक जण बोलत गेला. दुकानाचा मॅनेजर म्हणाला, खिडकी बंद झाली तर कामाची माणसं कमी करावी लागतील. एक नर्स म्हणाली, रात्रभर उभी राहून आल्यावर गाडी लावायला जागा शोधत फिरायचं त्राण नसतं हो. एका तरुण बापाने विचारलं, मागच्या सीटवर जुळी झोपलेली असताना मी कॉफी घ्यायला उतरू कसा? दुसरा म्हणाला, नका घेऊ कॉफी. मला जो बोलेल त्याचंच पटत होतं. न्यायाधीश झालो नाही हे बरंच झालं.

मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि तिसरा नियम सांगितला. का, कसा, कशासाठी, सगळं. गाडी सारखी चालू-बंद केल्याने बॅटरीला काय होतं तेही सांगितलं. अध्यक्षबाई शांतपणे ऐकत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे त्या रांगेतल्या सगळ्यांना गाडी चालू ठेवायला तुम्ही शिकवलंत?"

"सगळ्यांना नाही," मी म्हणालो. "निम्म्यांना."

सभागृह हसलं. माझे विद्यार्थी जास्त मोठ्याने हसले. मी बसलो. माझ्या बोलण्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजूनही कळलेलं नाही.

धाकटी उठली. तिने पिशवीतून कापडाचे दोन तुकडे काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "दोन्ही एकाच ताग्यातले आहेत," ती म्हणाली. "एक कपाटात ठेवला होता. एक खिडकीबाहेर वाळत घातल्यासारखा टांगला होता, आठवडाभर." हातच्या कांकणाला आरसा कशाला? एक तुकडा पांढरा होता. दुसऱ्याला कुठला रंग म्हणावा, त्यावर दोन शिंप्यांचं एकमत झालं नसतं. "मी दवाखान्याचे कोट शिवते. शिवता शिवताच मळले तर मी ते द्यायचे कसे?"

एका नगरसेवकाने विचारलं, "मग तुम्ही खिडकी बंद का ठेवत नाही?"

"बंदच असते."

"मग अडचण काय आहे?"

 धाकटीने तो मळका तुकडा उचलून घडी घातली, पुन्हा उलगडला.

"खाली रोज माझी ताई येते," ती म्हणाली. "गाडीत बसून. तिला जिना चढवत नाही. मला तो धूर सोसत नाही, रात्रभर खोकला येतो. म्हणून मी खाली जात नाही, काच लावून आत उभी राहते. दुपारी काचेवर ऊन असतं, त्यामुळे तिला मी दिसत नाही. मी रोज हात हलवते. तिला वाटतं, मी तिच्यावर काच लावून घेतली."

"फोन करून सांगायचं त्यांना," नगरसेवक म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला बहीण नसावी.

"काय सांगू? तुझ्या गाडीचा त्रास होतो? ती यायचीच बंद झाली असती."

मी हिच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात हिचंच नाव पुकारलं गेलं. विरोधात बोलणारे, पुढचं नाव.

तिने वॉकर पुढे घेतला. मी हात दिला तो तिने नेहमीप्रमाणे झटकला. माइकपर्यंत पोचायला तिला वेळ लागला. माइक तिच्या डोक्याच्या वर होता. खिडकीवाल्या बाईने उठून तो खाली केला.

"मी विरोध करायला आले होते," ही म्हणाली.  तिला घाम आला होता. "माझी धाकटी बहीण खोटं बोलली की तिचे कान लाल होतात. अगदी लहान असल्यापासून. आत्ता मी मागून तिच्या कानांकडेच बघत होते."

कुणीतरी हसलं. धाकटीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"नाही झाले लाल. तेव्हा ती म्हणते ते खरं आहे. आमच्याच गाडीने मी तिला रोज त्रास दिला आणि वर रुसून बसले. करा तुमची रांग बंद. मला कॉफी नको." तिने वॉकरची मूठ घट्ट धरली. "पण मला एक कुणीतरी सांगा. मग मी हिला भेटू कुठे?"

 नर्स खाली बघत होती. जुळ्यांच्या बापाने नाक शिंकरलं. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला आणि मॅनेजरकडे वळल्या. "रांग नसली आणि भिंतीलगत दोन-तीन गाड्यांपुरती जागा आखून दिली, ज्यांना उतरता येत नाही त्यांच्यासाठी, तर कप बाहेर नेऊन द्यायला तुमच्याकडे माणूस आहे का?"

मॅनेजर म्हणाला, ते बघावं लागेल, वरच्यांना विचारावं लागेल.

"मी देईन नेऊन," खिडकीवाली बाई जागेवरूनच म्हणाली. "मला पाय आहेत. त्या खिडकीत बसून बसून मीच विसरत चालले होते."

निकाल यायला वेळ लागला. निकाल म्हणजे असा असतो की दोन्ही बाजू थोड्या कुरकुरतात. मोकळ्या जागेतल्या ड्राइव्ह-थ्रू राहिल्या. राहत्या घरांना चिकटून असलेल्या बंद झाल्या, आणि त्यांत आमची होती. खिडकीवर फळी ठोकली, बोळात जमिनीवर पांढऱ्या रेघा मारल्या, आणि भिंतीवर पाटी लागली: उतरता न येणाऱ्यांसाठी जागा. इंजिन बंद ठेवा. रोज येणाऱ्यांपैकी काही दुसरीकडे गेले, काही शिव्या देत गाडी लांब लावून चालत यायला लागले. दोघांनी मला रस्त्यात गाठून जाब विचारला, जणू मीच निकाल दिला होता.

मधले दिवस हिने "काढा गाडी" म्हटलं नाही. बहिणींचा फोन एकदा झाला, पण तोही कसा, तर पाणी आलं का, खोकला कसा आहे, ठेवते. दोघी एकमेकींशी इतक्या जपून बोलत होत्या की ऐकताना माझाच जीव गुदमरला. शेवटी एका दुपारी मीच गाडी काढली आणि दारात हॉर्न दिला.

"कुठे?" ती म्हणाली.

"कॉफीला. मला तल्लफ आलीय."

मला कॉफीने पित्त होतं हे तिला लग्नापासून माहीत आहे. तिने केस सारखे केले आणि आली.

बोळ रिकामा होता. मी रेघांच्या आत गाडी लावली, अगदी मधोमध, शिकवल्याप्रमाणे. ऊन होतं, म्हणून गारवा चालू ठेवला. आम्ही दोघं समोर बघत बसलो. हिचे हात मांडीवर होते आणि ती मान वर करत नव्हती.

वर काच सरकल्याचा आवाज आला.

"भाऊजी!"

मी डोकं बाहेर काढलं. धाकटी खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. "काय गं?"

"इंजिन!"

"अगं, तुझ्या ताईला उकडतं—"

"अहो," शेजारून ही म्हणाली, "बंद करा."

मी किल्ली फिरवली. रांग नव्हती, त्यामुळे यात माझा नियम मोडला असं कुणी समजू नये. गाडी थांबली आणि एकदम शांत झालं. दुकानात कुणीतरी चमच्याने कप ढवळत होतं तेही ऐकू आलं. हिने तिच्या बाजूची काच खाली केली आणि हळूहळू, मान दुखत असल्यासारखी, वर बघितलं. धाकटी हात हलवत होती. या वेळी तो दिसत होता.

"आलेच असते खाली," धाकटी म्हणाली, "पण हा कोट आत्ता न्यायला येणारेत. बटणं राहिलीत. थांब, सोडते."

कापडाच्या पट्ट्यांची वेणी घालून केलेली दोरी हळूहळू खाली आली, तिला एक टोपली. ती भिंतीला दोनदा आपटली, मग हिच्या काचेसमोर येऊन लटकली. आत सुयांची उशी आणि दोऱ्याचं रीळ होतं. उशीत सुया खचाखच भरलेल्या, आणि एकीतही दोरा नव्हता.

"इतक्या?" ही ओरडली.

"मग! तू नाहीस तर कोण ओवणार?"

हिने उशी मांडीवर घेतली. रिळाचा दोरा तोडला, टोक ओलं केलं, पहिली सुई उजेडाकडे धरली. दोरा बाजूने गेला. पुन्हा धरली, पुन्हा बाजूने. मी तिच्याकडे बघितलं तर डोळे काठोकाठ भरलेले. माझी साखर स्वयंपाकघरातून मोजणाऱ्या बाईला हातातल्या सुईचं नेढं दिसत नव्हतं.

"काय गं ताई, जमत नाहीये का?" वरून आवाज आला.

"जमतंय, जमतंय." तिने बाहीने डोळे पुसले आणि सुई पुन्हा वर धरली. मग मला हळूच म्हणाली, "अहो, बघा जरा. रांग लागलीय का आपल्या मागे?"

मी आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं.